दोनशे आलं, पण काम झालं का? एपीआयच्या एररबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईत महापेच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. तुर्भ्याच्या मार्केटात माल आणणाऱ्या हुंडेकऱ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. बिल्टी (मालाची पावती), भाडं, ड्रायव्हरचा ॲडव्हान्स, डिझेल, फास्टॅग, गाडी कुठवर पोचली, असं सगळं. त्यासाठी बाहेरच्या अकरा कंपन्यांच्या एपीआय जोडल्यात, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर त्यांच्या सॉफ्टवेअरकडे काम मागतं त्या खिडक्या. अकरा जण आणि एरर सांगायच्या बारा तऱ्हा. नवीन येणारी मुलं पहिल्या महिन्यात तेच प्रश्न विचारतात, आमच्याशी जोडून घेणाऱ्या कंपन्यांचे डेव्हलपरही तेच विचारतात. दर वेळी चहाच्या टपरीवर उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं.

एपीआयने २०० दिलं म्हणजे काम झालं ना?

नाही. २०० हा सर्व्हरच्या उत्तरासोबत येणारा स्टेटस कोड, म्हणजे 'ठीक'. पण तेवढ्यावर विसंबायचं नाही, हे मी एका कांद्याच्या गाडीमुळे शिकले.

रात्री पावणेअकराला ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, ॲडव्हान्स जमा झाला म्हणून मेसेज आलाय, पण खात्यात काहीच नाही. पंपावर उभा आहे." आमच्या स्क्रीनवर त्याच्या नावासमोर हिरव्या रंगात 'जमा' लिहिलेलं. लॉग उघडला. पेमेंटवाल्यांकडून स्टेटस २०० आलेला. खाली जेसनमध्ये, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना माहिती द्यायच्या खणाखणांच्या मजकुरात, 'सक्सेस' नावाचा खण आणि त्यात 'फॉल्स'. त्याखाली मेसेज, की वॉलेटमध्ये पुरेशी रक्कम नाही.

म्हणजे त्यांनी 'नाही' म्हटलं होतं, फक्त हसतमुखाने. आमच्या कोडने २०० पाहिलं, मग 'सक्सेस' खरं आहे का तेही पाहिलं, आणि तरी फसला. कारण तो 'फॉल्स' अवतरणचिन्हांत होता. तो खरा-खोटा सांगणारा बूलियन नव्हता, पाच अक्षरांची स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर होता, आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी धरली जाते. गंमत म्हणजे त्याच कंपनीच्या शिल्लक विचारायच्या एंडपॉइंटवर (एपीआयच्या एकेका कामाच्या पत्त्यावर) 'फॉल्स' व्यवस्थित बूलियन येतो. आमची चाचणी आम्ही त्याच एंडपॉइंटवर केली होती.

तेव्हापासून आमचा नियम असा: स्टेटस पाहायचा, कंटेंट-टाइप (उत्तर कुठल्या प्रकारचं आहे ती नोंद) पाहायचा, बॉडीतला, म्हणजे उत्तराच्या मजकुरातला, त्यांचा निकाल पाहायचा, आणि तिघांचं एकमत नसेल तर 'जमा' लिहायचं नाही.

मग स्टेटस कोडला काही अर्थच नाही का?

आहे, आणि पहिल्या आकड्यात तर बराच आहे. ४ ने सुरू होणारा म्हणतो की मागणाऱ्याचं चुकलं, ५ ने सुरू होणारा म्हणतो की देणाऱ्याचं चुकलं. अडचण अशी की आपल्याला 'कुणाचं चुकलं' यापेक्षा 'पुन्हा मागू का' हे जास्त हवं असतं. ईमेल पाठवणाऱ्या एसएमटीपीने १९८२ च्या आरएफसी ८२१ मध्ये नेमकं हेच धरलं होतं (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज). तिथे ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर ये. ५ म्हणजे येऊच नको. एचटीटीपीने, म्हणजे वेबवर मागणं-देणं ज्या नियमांनी चालतं त्याने, तेच आकडे घेतले आणि अर्थ वेगळा लावला. म्हणून ४२९, म्हणजे 'फार भराभर विचारताय', हा ४ च्या घरात असूनही पुन्हा विचारण्यासारखा आहे. उलट ५०१, म्हणजे 'ही सोयच आमच्याकडे नाही', ५ च्या घरात असूनही शंभरदा विचारलात तरी उत्तर तेच.

४०१ आणि ४०३ मध्ये फरक काय? आणि ४०० की ४२२?

४०१ चं नाव 'अनऑथराइज्ड' आहे, अर्थ मात्र 'तू कोण ते कळलं नाही' असा. ४०३ म्हणजे 'कोण ते कळलं, तरी आत सोडणार नाही'. टोकन, म्हणजे ठरावीक मुदतीचा पास, संपलं असेल तर ४०१ यायला हवा, म्हणजे आपला कोड नवं टोकन घेऊन परत जातो. आमच्या अकरांपैकी दोघे टोकन संपल्यावर ४०३ देतात आणि एक जण ५००. त्या तिघांसाठी वेगळा कोड लिहावा लागला.

४०० आणि ४२२ वरून मारामारी करू नका. जेसनच मोडकं असेल तर ४००, जेसन धड आहे पण गाडीचा नंबर नियमात बसत नाही तर ४२२. ४२२ आधी वेबडॅव या एचटीटीपीच्या जोडनियमांपुरता होता, २०२२ च्या आरएफसी ९११० पासून तो एचटीटीपीच्या मुख्य दस्तऐवजात आहे. दोन्हीपैकी एक निवडा आणि सगळीकडे तोच ठेवा. अर्धे एंडपॉइंट ४०० आणि अर्धे ४२२ देत असतील, तर निवड बरोबर असूनही उपयोग नाही.

एरर जेसनमध्ये येते म्हणाले होते, मग मध्येच एचटीएमएल कुठून आलं?

कारण उत्तर देणारा दरवेळी तोच नसतो. तुमची विनंती आधी फायरवॉलपाशी थांबते, मग गेटवे, मग लोड बॅलन्सर, मग खरं ॲप. आतलं ॲप पडलं की बाहेरचा दरवान स्वतःच्या भाषेत ५०२ किंवा ५०४ चं पान देतो, आणि ते पान एचटीएमएल असतं. मग जेसन वाचून उलगडणारा आपला पार्सर 'अनएक्स्पेक्टेड टोकन <' म्हणून कोसळतो, आणि नवा मुलगा दोन तास जेसनमध्ये चूक शोधत बसतो. तो कोन म्हणजे एचटीएमएलच्या पहिल्या टॅगची सुरुवात, एवढं एकदा कळलं की ते दोन तास वाचतात. पार्स करण्याआधी कंटेंट-टाइप बघा.

४०४ मध्ये हाच घोळ जास्त लबाड असतो. 'या नंबरची बिल्टी नाही' हा ४०४ ॲपकडून येतो, 'हा पत्ताच नाही' हा ४०४ गेटवेकडून. एका ट्रॅकिंगवाल्याने एंडपॉइंटचा पत्ता बदलला, आणि आमच्या स्क्रीनवर दिवसभर 'गाडीची माहिती उपलब्ध नाही' दिसत राहिलं. गाड्या सगळ्या धावत होत्या.

एकाच कंपनीच्या एपीआयमध्ये दोन पद्धती कशा काय असतात?

कोपरखैरणेत कुरियर वाटणाऱ्याला विचारा. सिडकोच्या सेक्टरमध्ये सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग, फ्लॅट असा सरळ हिशोब. मध्ये गावठाण लागलं की 'देवळामागे जाऊन विचारा'. गाव आधीपासून होतं, सेक्टर नंतर आले. एपीआयचंही तसंच. जुने एंडपॉइंट एका टीमने लिहिले, नवे दुसऱ्या टीमने, मधले विकत घेतलेल्या कंपनीकडून आले. जुन्यांना हात लावायचा तर त्यांच्यावर उभी असलेली गिऱ्हाइकं कोसळतात, म्हणून कुणी हात लावत नाही.

दुसरं कारण फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आपण ॲप उभं करतो तो. तुम्ही स्वतः फेकलेली एरर तुमच्या साच्यात जाते. तुमच्या हातून निसटलेली एरर फ्रेमवर्कच्या साच्यात जाते. स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कचं आपलं ठरलेलं जेसन असतं, त्यात टाइमस्टॅम्प, स्टेटस, एरर, पाथ. फास्टएपीआय या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये तर 'डिटेल' हे एकच नाव दोन रूपांत येतं. तुम्ही एक्सेप्शनमध्ये (कोडने स्वतः फेकलेल्या चुकीत) वाक्य लिहिलं असेल तर डिटेल म्हणजे स्ट्रिंग, आणि इनपुटची तपासणी फसली असेल तर डिटेल म्हणजे यादी. बदलायची सोय आहे, पण बदलायला आधी लक्षात यावं लागतं. वापरणाऱ्याने डिटेल थेट स्क्रीनवर छापलं की गिऱ्हाइकाला 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' दिसतं.

वेबच्या आधी हे बरं होतं का?

अजिबात नाही. आमचे सीनियर सरकारी प्रकल्पांत सी भाषेत कोड लिहून आलेले. ते म्हणतात, तुम्हाला निदान जेसन तरी मिळतं. सी मध्ये बहुतेक सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागण्या) चुकल्यावर -१ देतात आणि कारण 'एररनो' नावाच्या डब्यात ठेवतात. त्याच पॉझिक्स नियमावलीतले, एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या पीथ्रेडचे फंक्शन मात्र कारण थेट परत देतात, डब्याला हात लावत नाहीत. सवयीने डबा उघडणाऱ्याला मागच्या कुठल्या तरी चुकीचं शिळं कारण मिळतं. चालू प्रोग्रामचा अग्रक्रम सांगणाऱ्या 'गेटप्रायॉरिटी'ची तर कमाल आहे. तिथे -१ हे खरंखुरं उत्तरही असू शकतं. म्हणून आधी एररनो शून्य करायचा, मग विचारायचं, मग पुन्हा एररनो बघायचा. मजकुराचा आकडा करणाऱ्या 'एटूआय'ला '०' द्या नाहीतर 'कांदा' द्या, दोन्हीला उत्तर शून्यच.

विंडोजमध्ये फाइल उघडायला 'क्रिएटफाइल' मागितलं आणि जमलं नाही तर 'इनव्हॅलिड हँडल' म्हणून -१ मिळतो. 'क्रिएटइव्हेंट' जमलं नाही तर नल, म्हणजे रिकामं, मिळतो. दोन्ही हँडलच (उघडलेल्या वस्तूची मूठ) देतात, दोन्हीच्या नावात 'क्रिएट' आहे. एकाची तपासणी दुसऱ्याला लावली की बग तयार, आणि तो चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीत फाइल नेहमी उघडते.

आजच्या भाषा सुटल्यात असंही नाही. पायथनमध्ये स्ट्रिंगमध्ये शोधताना 'इंडेक्स'ला सापडलं नाही तर तो एक्सेप्शन फेकतो आणि 'फाइंड' गुपचूप -१ देतो. तो -१ तुम्ही पुढे जागा म्हणून वापरलात, तर पायथन त्याचा अर्थ 'शेवटचं अक्षर' असा लावून कामाला लागतो. पीएचपीत मजकुरात शोधणारं 'स्ट्रपॉस' सुरुवातीलाच सापडलं तर शून्य देतो, न सापडलं तर फॉल्स, आणि ढिल्या तुलनेत दोन्ही सारखेच. हे सगळं करणारे लोक हुशारच होते. प्रत्येकाने आपल्यापुरतं सोयीचं केलं.

फेच वापरलं तर कॅच ब्लॉक पुरेसा आहे ना?

नाही. ब्राउझरचा फेच, म्हणजे जावास्क्रिप्टची विनंती पाठवायची सोय, ४०४ आला, ५०० आला तरी चूक मानत नाही. उत्तर हाती आलंच नाही तरच कॅचमध्ये, म्हणजे चूक पकडणाऱ्या कोडमध्ये, जातो. त्याच कामाची ॲक्सिऑस ही लायब्ररी मात्र २०० च्या घराबाहेरचं सगळं मूळ सेटिंगमध्ये कॅचमध्ये टाकते. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही असतील तर आजच एक काढा.

ग्राफक्यूएल किंवा जीआरपीसी घेतलं तर सुटका होईल का?

एपीआय बनवायच्या या दोन वेगळ्या पद्धती, पण घोळ फक्त दुसरीकडे सरकतो. २०१५ मध्ये खुलं झालेलं ग्राफक्यूएल एररची वेगळी यादी देतं आणि एचटीटीपी स्टेटस बहुतेकदा २०० च असतो. शिवाय एकाच उत्तरात अर्धा डेटा आणि अर्धी एरर येऊ शकते. ते मोडकं नाही, ठरवून तसं आहे, पण तुमच्या मॉनिटरिंगला सगळं हिरवंच दिसतं. जीआरपीसीचे ० ते १६ असे सतरा कोड आहेत, आणि खरं सांगायचं तर मला ते एचटीटीपीपेक्षा आवडतात. पण कुणी एक्सेप्शन पकडलंच नाही, तर पलीकडे बहुतेकदा २ नंबर येतो, आणि २ म्हणजे 'अननोन'.

एररचा मेसेज वाचून कोडमध्ये निर्णय घेतला तर?

आम्ही घेतला होता. एका पुरवठादाराकडे कोडच नव्हते, फक्त इंग्रजी वाक्यं. 'पेमेंट आधीच मिळालं आहे' अशा अर्थाचं वाक्य आम्ही जुळवून पाहायचो, त्यात 'रिसीव्ह्ड'चं स्पेलिंग चुकलेलं, आम्हीही तसंच चुकीचं लिहिलेलं. एका शुक्रवारी त्यांच्याकडे कुणीतरी शुद्धलेखन तपासलं. शनिवारी आमच्याकडे रांग.

वाक्य माणसासाठी, कोड यंत्रासाठी. पुरवठादाराकडे कोड नसेलच तर वाक्य जुळवणं भाग आहे, पण ते एकाच फाइलमध्ये ठेवा आणि जे वाक्य ओळखीचं नाही ते 'माहीत नाही' या खात्यात टाका. 'यशस्वी'च्या नाही.

टाइमआउट म्हणजे फेल धरायचं का?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा. टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तर न येणं, हे फेल नाही. टाइमआउट म्हणजे माहीत नाही. विनंती वाटेत हरवली असेल, पोचून अर्ध्यात अडकली असेल, किंवा काम पूर्ण होऊन उत्तर परत येताना हरवलं असेल. आपल्या बाजूने तिन्ही सारखेच दिसतात. दुकानात यूपीआय करताना गोल फिरत राहतं, तुमच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि दुकानदाराचा स्पीकर बोलत नाही, तेव्हा तुम्ही पुन्हा स्कॅन करता का? थांबता, खातं बघता. कोडने तेच करायला हवं.

आमच्या कोडने केलं नव्हतं. ३० सेकंद थांबून फेल धरलं आणि पुन्हा पाठवलं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने आपणहून फोन केला, "ताई, आठ हजार दोनदा आलेत, दुसरे परत कसे पाठवू?" असा माणूस भेटला म्हणून निभावलं.

इलाज दोन. पहिला, प्रत्येक पैशाच्या विनंतीला आपला एक न बदलणारा नंबर लावायचा, ज्याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. पुन्हा पाठवताना नंबर तोच, म्हणजे समोरचा ओळखतो की ही जुनीच विनंती आहे. गेट, पुट, डिलीट हे विनंतीचे प्रकार पुन्हा केले तरी परिणाम तोच राहील असं एचटीटीपी मानतं, पोस्टचं तसं नाही, म्हणून पोस्टला हा नंबर हवाच. दुसरा इलाज, समोरच्याला अशी की कळत नसेल तर पुन्हा पाठवण्याआधी स्थिती विचारायची.

आणि पुन्हा विचारताना दम धरायचा. एक सेकंद, दोन, चार, आठ, आणि त्यात थोडं मागेपुढे, नाहीतर सगळे सर्व्हर एकाच क्षणी दारावर धडकतात. समोरून रिट्राय-आफ्टर, म्हणजे 'इतक्या वेळाने या' अशी नोंद, आला तर तो पाळायचा. तो सेकंदांत असतो किंवा पूर्ण तारीख-वेळ, दोन्ही चालतात. आमचा पार्सर फक्त आकडा ओळखायचा, तारीख आली की शून्य सेकंद समजायचा.

आम्ही स्वतः एपीआय बनवतोय. एरर कशी द्यावी?

नवा साचा शोधू नका. मार्च २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ आलं, जुलै २०२३ मध्ये त्याच्या जागी ९४५७. त्यात पाच गोष्टी आहेत: टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स. चूक कुठल्या प्रकारची ते टाइप सांगतो, तोच नेहमी सारखा राहतो. या खेपेला नेमकं काय झालं ते डिटेल सांगतं, आणि डिटेल वाचून कोडमध्ये निर्णय घेऊ नका असं त्या दस्तऐवजातच म्हटलंय. आपली खणं जोडायला मुभा आहे. आम्ही दोन जोडली, 'पुन्हा प्रयत्न चालेल का' आणि विनंतीचा ट्रेस नंबर, म्हणजे ती लॉगमध्ये शोधायचा नंबर.

फॉर्ममध्ये चार चुका असतील तर चारही एकदम सांगा. सरकारी खिडकीवर एक कागद कमी म्हणून परत पाठवतात, तो आणला की दुसरा कमी. आपण त्याला शिव्या देतो आणि एपीआय तशीच लिहितो.

गेटवे, फ्रेमवर्क आणि ॲप, तिघांच्याही एरर एकाच साच्यात येतात ना, हे मुद्दाम पाडून बघा. ॲप बंद करा, टोकन बिघडवा, जेसनचा शेवटचा कंस काढा, नसलेला पत्ता मागा. चार विनंत्या, पाच मिनिटांचं काम.

एररमध्ये किती सांगावं? सुरक्षेचं काय?

स्टॅक ट्रेस (कोड कुठून कुठे जाऊन कोसळला त्याची यादी), डेटाबेसची क्वेरी, सर्व्हरचा आतला पत्ता, यांतलं काही सांगायचं नाही. लॉगिनला 'हा नंबर आमच्याकडे नाही' आणि 'पासवर्ड चुकला' असे वेगळे मेसेज देऊ नका, चोराला यादी मिळते. मात्र या नावाखाली सगळ्यालाच 'काहीतरी चुकलं' म्हणणं हा आळस.

वापरणाऱ्याला मराठीत काय दाखवायचं?

आमच्या जुन्या स्क्रीनवर 'अवैध विनंती' असं यायचं. मार्केटातल्या एका शेठने विचारलं, "मी कसली विनंती केली? मी तर बटण दाबलं." ते बरोबरच होतं. स्क्रीन बघणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: पैसे गेले का, पुन्हा दाबू का, फोन कुणाला करू. म्हणून आता ४२२ ला 'गाडीचा नंबर तपासा, शेवटचे चार आकडे हवेत'. ५०३ ला 'बँकेची सेवा सध्या बंद आहे, पैसे गेलेले नाहीत, दहा मिनिटांनी पुन्हा करा'. आणि टाइमआउटला 'पैसे गेले की नाही ते तपासतोय, पुन्हा दाबू नका'. या शेवटच्या वाक्यासाठी बटणही बंद करावं लागलं, कारण रात्री दोन वाजता गाडी खाली होत असताना वाक्य कोण वाचतो.

पुरवठादाराला सांगितलं तर तो सुधारतो का?

क्वचित. आम्ही प्रत्येकाला नमुन्यासह लिहितो, एकाने सुधारलं, दोघांनी 'नोंद घेतली' म्हटलं. तोवर प्रत्येक पुरवठादारासाठी एक अनुवादक फाइल ठेवायची, जी त्याची भाषा आपल्या तीन शब्दांत आणते: 'दुरुस्त करा', 'थांबून पुन्हा करा', 'माहीत नाही, तपासा'. बाकीच्या कोडला या तिघांपलीकडे काही कळता कामा नये. बारावा पुरवठादार आला तर बारावी फाइल.

तिकीट टाकताना सोबत काय द्यायचं?

ट्रेस नंबर, स्टेटस, आलेली बॉडी जशीच्या तशी, टोकन मात्र खोडून. स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा. आणि वेळ देताना भारतीय वेळ असं स्पष्ट लिहा. पुष्कळ सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लॉग ठेवतात, ते साडेपाच तास मागे. त्या कांद्याच्या गाडीच्या वेळी पेमेंटवाल्यांचा सपोर्ट दोन दिवस 'पावणेअकराला तुमची विनंतीच आलेली नाही' म्हणत होता. ती त्यांच्या लॉगमध्ये सव्वापाचला बसली होती.